सशाच्या पायातलं टायटॅनियम

दात हाडात रुतलेला नसतो, टांगलेला असतो. जबड्यात प्रत्येक दातासाठी एक खळगा असतो. त्या खळग्याची भिंत आणि दाताचं मूळ यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरची फट असते आणि ती बारीक तंतूंनी भरलेली असते. एक टोक हाडात, दुसरं दाताच्या मुळात, अशा हजारो तंतूंनी दात चहूबाजूंनी धरून ठेवलेला असतो. आपण घास चावतो तेव्हा दात किंचित खाली दबतो आणि लगेच वर येतो. आपल्याला पत्ताही लागत नाही, पण तंतूंमधल्या चेतांना लागतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये २० मायक्रॉनची पातळ पट्टी ठेवली तरी ती जाणवते. पोह्यांत एखादा खडा आला, की तो खडा आहे हे आपल्याला कळायच्या आत जबडा थबकलेला असतो. ही करामत दाताची नाही, त्या पाव मिलिमीटरच्या फटीची आहे.

दात पडला किंवा काढला, की ती फटही जाते. मग हाड आपला हिशेब सुरू करतं. ज्या हाडावर भार पडतो ते शरीर पोसतं. ज्यावर पडत नाही ते मोडीत काढतं. बर्लिनचे शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हा नियम आज अवकाशवीरांच्या विरळ झालेल्या हाडांनाही लावतात आणि आपल्या जबड्यालाही. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. कवळी हिरडीवर नुसती वरून टेकते, हाडाला हवा तसा भार देत नाही, त्यामुळे कवळीखालचंही हाड झिजत राहतं. आजीची कवळी दर काही वर्षांनी ढिली का होते, गाल आत का जातात, हनुवटी नाकाजवळ आल्यासारखी का वाटते, याचं उत्तर कवळी बनवणाऱ्याच्या हातात नव्हतंच. खालची कवळी तर जिभेच्या हालचालीनं सदानकदा उचलली जाते. ब्रिज बसवावा तर एका दातासाठी शेजारचे दोन धडधाकट दात घासावे लागतात.

तेव्हा दाताच्या जागी दात रोवावा, हा विचार नवा असणं शक्यच नव्हतं. होंडुरासमध्ये १९३१ साली उत्खननात जबड्याचा एक तुकडा सापडला. तो साधारण इसवी सन ६०० च्या सुमाराचा, माया संस्कृतीतला. त्यात खालच्या पटाशीच्या तीन दातांच्या जागी दाताच्या आकारात घासलेले शिंपल्याचे तुकडे बसवलेले होते. आधी सगळ्यांना वाटलं, मृताला सजवून पुरलं असेल. पुढे १९७० च्या सुमारास ब्राझीलचे दंतवैद्यकाचे अभ्यासक अमादेओ बोबियो यांनी त्याचे एक्स-रे काढले तेव्हा शिंपल्याभोवती हाड वाढलेलं दिसलं. म्हणजे ते दात जिवंत माणसाच्या तोंडात बसवले होते आणि त्यानंतर तो माणूस काही काळ जगलाही होता. लंडनमध्ये अठराव्या शतकात जॉन हंटर या प्रसिद्ध शल्यविशारदानं माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून तो तिथं जगतो का ते पाहिलं. तो नमुना आजही लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. त्या काळात श्रीमंतांसाठी गरिबांचे दात विकत घेऊन रोवण्याचे उद्योगही चालत. ते फार दिवस टिकत नसत, आणि दुसऱ्याच्या दाताबरोबर दुसऱ्याचे आजारही येत. विसाव्या शतकात सोनं, पोलाद, कोबाल्टचे मिश्रधातू असं बरंच काही जबड्यात बसवून पाहिलं गेलं. काही वर्षं टिकलेले नमुनेही होते. पण बहुतेक वेळा शरीर त्या परक्या वस्तूभोवती मऊ तंतूंचं वेष्टण विणायचं, वस्तू हलू लागायची, जंतू शिरायचे आणि एक दिवस ती गळून पडायची.

हा गुंता सुटला तो दातांचा विचारही मनात नसलेल्या एका माणसाकडून. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथं पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचा तेविशीच्या आसपासचा संशोधक हाडातल्या रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होता. जखम झालेलं हाड कसं भरतं, त्यात मज्जेची भूमिका काय, हे त्याला जिवंत हाडात पाहायचं होतं. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात एक छोटी धातूची चौकट बसवायची, आत हाडाचा अतिशय पातळ थर वाढू द्यायचा आणि त्यातून प्रकाश सोडून सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या पेशी धावताना बघायच्या, अशी व्यवस्था होती. या चौकटी टायटॅनियमच्या केलेल्या होत्या. घडवायला महाग, म्हणून एका सशातून काढून दुसऱ्यात वापरायच्या. पण प्रयोग संपल्यावर त्या काढायला गेलं तर निघेनात. ओढून, पिळून, खरवडून पाहिलं. हाड तुटायची वेळ आली, पण धातू सुटेना. दोघांच्या मध्ये मऊ वेष्टण नव्हतंच, हाड थेट धातूला भिडलं होतं.

असं काही पाहणारा ब्रोनेमार्क हा पहिला माणूस नव्हे. १९४० मध्ये बोथे आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या मांडीच्या हाडात टायटॅनियम बसवून हाच चिवट जोड नोंदवला होता. १९५१ मध्ये लेव्हेंथल या अमेरिकन शल्यचिकित्सकानं उंदरांत हेच पाहिलं होतं आणि हा धातू शस्त्रक्रियेला उत्तम असं लिहूनही ठेवलं होतं. लिहिलं, छापलं गेलं आणि मागे पडलं. ब्रोनेमार्कनं केलं ते असं, की एका अडचणीला त्यानं अडचण म्हणून सोडून दिलं नाही. सुरुवातीला त्याच्या मनात गुडघे आणि खुबे होते. पण तोंडात शिरणं सोपं, पाहणं सोपं, आणि दात नसलेली माणसं सगळीकडे. पुढे गोथेनबर्गला गेल्यावर त्यानं कुत्र्यांच्या जबड्यांत टायटॅनियमचे स्क्रू बसवले, त्यावर दात बसवले आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली.

टायटॅनियममध्ये असं आहे तरी काय? हा धातू दुर्मीळ नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचं खनिज आहे, त्यात तो आहे. त्याचं ऑक्साइड घरच्या पांढऱ्या रंगात असतं, कित्येक टूथपेस्टांतही असतं. म्हणजे नकली दाताचं मूळ आणि खरा दात पांढराशुभ्र दाखवणारी पेस्ट, दोन्हींचं कूळ एकच. मात्र त्या वाळूतून शुद्ध धातू काढणं महाकठीण, कारण तो ऑक्सिजनला सोडायला तयार नसतो. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोलनं १९४० च्या आसपास पद्धत बसवली तेव्हा कुठे तो विमानांच्या आणि पुढे शल्यचिकित्सकांच्या हाती आला. हा हट्टच आपल्या उपयोगी पडतो. टायटॅनियमचा ताजा पृष्ठभाग हवेला लागला, की क्षणार्धात त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चढतो. ओरखडा पडला तर थर पुन्हा भरून येतो. त्यामुळे शरीराला धातू भेटतच नाही; भेटतं ते चिनी मातीच्या जातीचं एक निश्चल आवरण. त्यातून विरघळून जवळजवळ काही सुटत नाही, ते गंजत नाही, रक्तातली प्रथिनं त्यावर सहज बसतात.

पहिला रुग्ण १९६५ मध्ये आला. योस्ता लार्सनचा जबडा जन्मापासून सदोष होता, टाळू दुभंगलेली होती, खालचे दात नव्हते, बोलणं आणि चावणं दोन्ही त्रासाचं होतं. ब्रोनेमार्कनं त्याच्या खालच्या जबड्यात चार टायटॅनियमचे स्क्रू बसवले आणि काही महिने जाऊ देऊन त्यावर दात जोडले. लार्सन २००६ साली वारला. चाळीस वर्षांनंतरही ते स्क्रू जागच्या जागी होते आणि काम करत होते.

पण मधली वर्षं ब्रोनेमार्कला सोपी गेली नाहीत. स्वीडनच्या दंतवैद्यकातल्या मान्यवरांना हा हाडांचा माणूस आपल्या अंगणात आलेला मुळीच रुचला नाही. १९६९ मधल्या एका व्याख्यानानंतर एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले आणि रीडर्स डायजेस्टमध्ये ज्यांच्यावर लेख येतात त्यांच्यावर आपला विश्वास नाही, असं भर सभेत म्हणाले. या गृहस्थांनी एका कंपनीच्या दातकोरण्यांची शिफारस केलेली होती. ब्रोनेमार्कनं जागेवरच परतफेड केली, की दातकोरण्यांच्या खोक्यावर झळकणाऱ्यांवर आपलाही विश्वास नाही. भांडण दातांचं होतं, त्यामुळे हे हत्यार त्याला शोभलं, असं मला वाटतं. खरा निकाल मात्र आकड्यांनी लावला. १९६५ ते १९८० या काळात ३७१ रुग्णांच्या जबड्यांत बसवलेल्या २,७६८ स्क्रूंचा हिशेब १९८१ मध्ये छापून आला. बसवून पाच ते नऊ वर्षं झाल्यावर वरच्या जबड्यातले ८१ टक्के आणि खालच्या जबड्यातले ९१ टक्के शाबूत होते. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, जॉर्ज झार्ब यांनी टोरोंटोला भरवलेल्या परिषदेत उत्तर अमेरिकेच्या दंतवैद्यांनी हे आकडे पाहिले आणि जगाचं मत फिरलं.

हे स्क्रू बाजारात आणायला कारखाना हवा होता. १९७८ मध्ये ब्रोनेमार्कनं ज्या कंपनीशी करार केला तिचं नाव ऐकून मराठी वाचकाच्या भुवया वर जातील: बोफोर्स. आपल्याकडे हे नाव १९८७ पासून एकाच कारणासाठी, तोफांच्या घोटाळ्यासाठी, घेतलं जातं. पण तोफांची नळी घडवायला लागणारी काटेकोर धातूकारागिरीच चार मिलिमीटरच्या स्क्रूवर बारीक आटे पाडायला लागते. १८९४ मध्ये बोफोर्सची मालकी आल्फ्रेड नोबेलकडे आली होती. म्हणून १९८१ मध्ये काढलेल्या दातांच्या कंपनीचं नाव नोबेलफार्मा ठेवलं गेलं. आता तिचं नाव नोबेल बायोकेअर आहे.

आज शहरातल्या कुठल्याही चांगल्या दवाखान्यात हे काम चालतं, आणि जवळून पाहिलं तर त्यात सगळ्यात आश्चर्य वाटतं ते सावकाशीचं. दात किडल्यावर पोखरायला वापरतात ते एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. इथं ड्रिल हजाराच्या आसपास फिरतं आणि त्यावर सलाईनची धार सतत पडत असते. कारण हाड उष्णतेला फार हळवं असतं. ४७ अंश सेल्सियसला एक मिनिट तापलं तरी त्यातल्या पेशी मरतात, हे गोथेनबर्गमध्येच एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये दाखवलं. आपण गरमागरम म्हणून फुंकर घालून पितो तो चहा त्याहून गरम असतो. आधी दोन मिलिमीटरचं बारीक भोक, मग थोडं जाड ड्रिल, मग त्याहून जाड. शेवटचं ड्रिल स्क्रूपेक्षा मुद्दाम किंचित बारीक ठेवतात. ड्रिलच्या खाचांत रक्तानं भिजलेला हाडाचा भुगा येतो. खालच्या जबड्याचा पुढचा भाग टणक लागतो, वरच्या दाढांच्या मागे हाड भुसभुशीत असतं आणि वर लगेच सायनसची पोकळी असते. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून ओठाकडे जाणारी नस असते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो, म्हणून आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून एकेक मिलिमीटर मोजलेला असतो. मग तो स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, साधारण चार मिलिमीटर जाड आणि दहा-बारा मिलिमीटर लांब, हलक्या हातानं पिळत आत जातो. तो किती जोरानं आवळला गेला हे रेंचवर आकड्यात दिसतं. वर छोटं झाकण, हिरडीला दोन टाके, आणि डॉक्टरचं काम इथं संपतं.

इथून पुढे जे घडतं ते कोणीच करत नाही, ते हाड करतं. भिंतीत ठोकलेला खिळा भिंतीच्या पकडीवर टिकतो, भिंत त्याच्यासाठी काही करत नाही. हाड करतं, आणि त्यासाठी आधी स्वतःची पकड सोडतं. पहिल्या क्षणांत स्क्रूवर रक्त येतं, प्रथिनं बसतात, गुठळीचं जाळं तयार होतं. त्या जाळ्याच्या धाग्यांवरून हाड घडवणाऱ्या पेशी धातूकडे सरकत येतात. त्याच वेळी दुसऱ्या जातीच्या पेशी ड्रिलनं चिरडलेलं आणि स्क्रूनं दाबलेलं जुनं हाड खाऊन टाकत असतात. परिणाम असा, की पहिल्या दिवशी घट्ट बसलेला स्क्रू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिल्यापेक्षा कमी घट्ट असतो. जुनं हाड गेलेलं असतं, नवं अजून कोवळं असतं. याच काळात दुखणं थांबलेलं असतं, सूज उतरलेली असते, आणि रुग्णाला वाटतं, आता काय, चला चकली खाऊया. त्या दिवसांत स्क्रू दीडशे मायक्रॉनच्या आसपास जरी पुन्हापुन्हा हलत राहिला, म्हणजे दोन केसांच्या जाडीइतका, तरी पेशी बेत बदलतात आणि हाडाऐवजी मऊ तंतू विणतात. मग सगळं मुसळ केरात. म्हणून ब्रोनेमार्कचा दंडक खालच्या जबड्याला तीन आणि वरच्याला सहा महिने थांबण्याचा होता. आता स्क्रूचा पृष्ठभाग वाळूच्या माऱ्यानं आणि आम्लानं खरबरीत करतात, त्याला हाड लवकर धरतं आणि थांबणं काही आठवड्यांवर आलं आहे. ‘एका दिवसात दात’ अशा पाट्या लागतात त्या अगदीच खोट्या नसतात. हाड उत्तम असेल आणि स्क्रू पुरेसा आवळला गेला असेल तर तात्पुरता दात लगेच बसवता येतो. पण हाडाला पाटी वाचता येत नाही. त्याचे आठवडे त्याला लागतातच.

जोड जमला की नाही हे पाहायची एक जुनी रीत आहे. धातूच्या दांड्यानं स्क्रूवर हळूच टकटक करायची. हाडानं धरला असेल तर स्वच्छ, टणत्कारी आवाज येतो. मऊ तंतूंत अडकला असेल तर बद्द. यंत्रं आली तरी अनुभवी डॉक्टरचा कान आजही तो आवाज ऐकतो. मग त्यावर अबटमेंट नावाचा खांब आणि त्यावर कॅप.

आता सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट. आपण म्हणतो, शरीरानं टायटॅनियम स्वीकारलं. ब्रोनेमार्कचेच जुने सहकारी टोमास आल्ब्रेक्टसन गेल्या काही वर्षांत उलटं मांडत आहेत. त्यांच्या मते शरीरानं काही स्वीकारलेलं नाही. त्याला परकी वस्तू दिसली, तिला बाहेर काढता येत नाही हे कळलं, म्हणून त्यानं तिच्याभोवती हाडाचा तट बांधला. तो तट म्हणजेच आपला घट्ट दात. प्रतिकारशक्ती तिथं झोपलेली नसते, पहाऱ्यावर असते. पहारा शांत असेल तोवर दात टिकतो. या मताशी सगळे सहमत नाहीत. मला मात्र ते पटतं, कारण त्यातून पुढचे धोकेही समजतात. बिडी-सिगारेट, नियंत्रणात नसलेला मधुमेह, हाडांच्या विरळपणावर घेतली जाणारी काही औषधं, या सगळ्यांनी बिघडतं ते टायटॅनियम नव्हे, तट बांधणारी आणि पहारा देणारी यंत्रणा. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू मळणाऱ्या रुग्णाला डॉक्टर आधी ती सोडायला सांगतात ते याचसाठी.

आणि पाव मिलिमीटरची ती फट? ती परत येत नाही. इम्प्लांट हाडाला थेट चिकटलेला असतो, त्यामुळे खरा दात जिथं दबतो तिथं हा जवळजवळ हलत नाही. कॅप बसवताना डॉक्टर निळा-लाल कागद पुन्हापुन्हा चावायला लावतो आणि उंचवटा घासत राहतो, कारण जराशी उंच कॅप सगळा भार एकटी झेलत बसेल आणि सांगणारी चेता तिथं नाही. तरीही माणसं इम्प्लांटवर चावताना काहीतरी जाणवतं असं सांगतात, आणि मोजमापांत ते खरं ठरतं. पट्टी २० ऐवजी ५० मायक्रॉनच्या आसपास जाड लागते, एवढंच. ही जाणीव कदाचित हाडातून, स्नायूंतून, सांध्यातून येत असावी. हाडाचा हा गुण तोंडाबाहेरही कामी आला. गोथेनबर्गच्याच डॉक्टरांनी १९७७ मध्ये कवटीच्या हाडात असाच स्क्रू बसवून त्याला श्रवणयंत्र जोडलं. कंप हाडातून थेट अंतर्कर्णात जातो. १९९० पासून मांडीच्या हाडात टायटॅनियमचा दांडा बसवून त्याला कृत्रिम पाय जोडण्याचं काम स्वीडनमध्ये सुरू झालं, त्यात ब्रोनेमार्कचा मुलगा रिकार्ड पुढे होता. असा पाय लावलेली माणसं आपण गालिच्यावर चालतोय की फरशीवर, हे न पाहता ओळखतात.

तोंडात परत येऊ. इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून तो कायमचा निर्धास्त असा समज आहे, पण तो खरा नाही. हिरडीचे तंतू खऱ्या दाताच्या मुळात आडवे शिरून दाराला कडी लावतात. इम्प्लांटभोवती ते नुसते समांतर जातात, कडी लागत नाही. तिथं अन्नाचे कण साचले, जंतू वाढले तर खालचं हाड हळूहळू खचतं. आणि खरा दात ठणकून रात्रभर जागवतो तसं हा करत नाही, कारण त्यात नस नाही. घासताना हिरडीतून रक्त येतं एवढीच खूण, आणि ती बहुतेक जण चूळ भरून विसरतात. म्हणून इम्प्लांट बसवलेल्याला डॉक्टर फ्लॉस किंवा बारीक ब्रश देतात आणि सहा महिन्यांनी, मग दर वर्षी बोलावतात, एक्स-रेत स्क्रूच्या आट्यांजवळ हाड कुठवर आहे ते पाहायला.